ओळ पडू द्यायची नाही

मी इंग्लिश गाणी गाते, आणि तीही चार-चार आवाजांत, हे कळलं की लोक मला पायापासून डोक्यापर्यंत बघतात. बौद्ध घरातली, शाळेत गणित शिकवणारी, आदिलाबादच्या बाजारात वांग्याच्या भावावरून हमरीतुमरीवर येणारी बाई, आणि गाणी कोणती, तर चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांची! "काऊन वो मॅडम, मराठी गाणे सरले का?" असं आमच्या शाळेच्या शिपायानं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "गाणे नाई सरले, पण तुमच्यासारखे इचारणारे लय झाले." तो हसला. मला काही हसू आलं नाही.

खरं तर यात माझा गुन्हा नाही. आमच्या शाळेत तेलुगू शिकवणारी माझी मैत्रीण आहे, तिनं मला ओढत नेलं. प्रार्थनेच्या वेळी ती माझ्या शेजारी उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "तुझा आवाज खालच्या पट्टीत छान लागतो. आमच्या क्वायरमध्ये खालच्या आवाजाची मी एकटीच आहे. शनिवारी चल." क्वायर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा संच; गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी त्यांची तालीम असायची. चौदा माणसं. बायकांचा वरचा आवाज सोप्रानो, खालचा अल्टो. पुरुषांचा वरचा टेनर, खालचा बास. सोप्रानो पाच जणी होत्या, कारण वरचा आवाज सगळ्यांनाच हवा असतो. अल्टो आम्ही दोघीच. त्याला आता दहा वर्षं झाली.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे टीचरम्मा म्हणतात. बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या क्वार्टरमध्ये वाढल्या, नर्सची नोकरी केली आणि रिटायर होऊन आदिलाबादला लेकीकडं आल्या. लहानपणी तिथल्या चर्चमध्ये शिकलेलं सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका जाडजूड फायलीत आहे. फायलीत झेरॉक्सचे कागद, काही इतके जुने की मधली अक्षरं उडालीत. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज राणीच्या राज्यातली वसंताची गाणी, खलाशांची गाणी, चर्चमध्ये म्हणायची लांबलचक गाणी, अमेरिकेत शेतावर राबणाऱ्या गुलामांची गाणी, आणि शेवटी एक अगदी नवीन, ज्याचा कर्ता अजून जिवंत आहे म्हणतात. शब्द सगळे इंग्लिश. पण कागदावर बघाल तर मजा. मैत्रिणीनं ते तेलुगू लिपीत लिहून घेतलेले, मी देवनागरीत, आणि दोघी एकाच स्टँडवर डोकं घालून एकच ओळ म्हणतोय. तेलुगूवाल्यांना शब्दाच्या शेवटी 'उ' लावल्याशिवाय चैन पडत नाही. 'नाइटु', 'लाइटु' असं कुणी म्हटलं की टीचरम्मा कपाळावर हात मारायच्या. सगळ्यांचा शेवटचा 'ट' एकाच क्षणी पडला पाहिजे, यासाठी त्यांनी एकदा आमचा पाऊण तास खाल्ला होता.

घरी आम्ही तिघं. मी, नवरा आणि बाबा. नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळं तो या गोष्टीत फारसा येणार नाही. बाबांचं मात्र सांगावं लागेल.

बोथजवळच्या आमच्या गावात बाबांची गायन पार्टी होती. बाबा गायक. शेजारी पेटी, ढोलकी, आणि मागं आम्ही झील धरणारे. झील म्हणजे काय, तर गायकानं ओळ म्हणून सोडली की मागच्यांनी तीच उचलायची आणि तो दम घेईपर्यंत खाली ठेवायची नाही. बाबांचा कायदा एकच. ओळ पडू द्यायची नाही. माइक बंद पडो, पेटीवाला झोपो, गायकाला खोकला येवो, ओळ पडता कामा नये. मी सात वर्षांची असल्यापासून मागं उभी राहिले. घरीही तेच. सकाळी चहा पिता पिता बाबा एखादी ओळ गुणगुणायचे आणि अर्ध्यावर सोडून द्यायचे. मी वेणी घालत असो की भांडी घासत असो, ती उचलायची. माझं लग्न झालं, आई गेली, बाबा आमच्याकडं राहायला आले, तरी ही खोड गेली नाही. ते ओसरीतून ओळ सोडायचे, मी भाकर थापता थापता उचलायचे. नवरा म्हणायचा, "बापलेकीचं रेडिओ स्टेशन सुरू झालं."

इंग्लिश गाण्यांना मी पहिल्यांदा निघाले तेव्हा बाबांना भीत भीत विचारलं होतं, "बाबा, त्यात देवाबिवाचं असते. मनू का नको मनू?"

बाबांनी बिडी विझवली. "देव त्याईचा त्याईच्यापाशी राहू दे. गळा तुया हाये ना? मंग मन."

क्वायरमध्ये माझी पहिली फजिती झाली ती या झिलीपायीच. फायलीतलं सगळ्यात जुनं गाणं आम्ही शिकत होतो. संध्याकाळचं गाणं आहे ते. दिवस मावळतो आहे, दमलेल्या माणसाला आता विसावा मिळो, एवढंच म्हणणं. त्यात सोप्रानो एक ओळ म्हणून थांबतात, तीच ओळ अल्टो खालून उचलतात, मग टेनर, मग बास. मी ऐकतच राहिले. अगं बाई, ही तर आमची झील! चारशे वर्षांपूर्वी साता समुद्रापार कुणी तरी बसून झीलच लिहून ठेवली होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. शेवटी बास ओळ सोडतात, आणि तिथं त्या इंग्रजानं पूर्ण चार मात्रांची शांतता ठेवली आहे. सगळ्यांनी गप्प. टीचरम्मांचा हात वर. बासांची ओळ सुटलेली, आणि कुणीच उचलत नाही!

मी उचलली. एकटीनं, पूर्ण गळ्यानं, गावच्या पटांगणात ऐकू जाईल अशी.

"आगंडी, आगंडी!" टीचरम्मा ओरडल्या. थांबा, थांबा. सगळा हॉल हसत होता. माझ्याशी त्या हिंदीत बोलतात. म्हणाल्या, "अम्मा, वो चुप्पी लिखी हुई है. वहाँ कुछ नहीं गाना."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा उचलली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. जिभेला लागलेली सवय, ती काय कागद वाचते? शेवटी मैत्रिणीनं उपाय काढला. ती जागा आली की ती माझं मनगट घट्ट दाबून धरायची. मनगट दाबलं की गप्प बसायचं. ही आमची खूण कायमची झाली. बाबांना हे घरी येऊन सांगितलं तर ते म्हातारपणी पोट धरून हसले. "लय शानी बाई हाये तुयी टीचर," ते म्हणाले, "पण ओळ पाडते."

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी माझ्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आणि त्या दिवशी नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. एवढाच तो या गोष्टीत येतो. पण गाठीनं आवाजाच्या नसेला चांगलंच वेढलेलं होतं. डॉक्टरांनी जपून सोडवली. तरी शुद्धीवर आले तेव्हा माझ्या तोंडून नुसती हवा येत होती. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल. मी विचारलं, खुणेनं आणि हवेनं, "आणि गाणं?" ते म्हणाले, "ते सहा महिन्यांनी बघू. हळूहळू प्रयत्न करा." माणसं 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांना काय दिसत असतं, देव जाणे.

बोलणं आलं. दोन महिन्यांत घोगरं का होईना, वर्गात ऐकू जाईल इतकं आलं. गंमत म्हणजे मी कुजबुजत शिकवायला लागले तशी पोरंही कुजबुजायला लागली. माझा वर्ग शाळेत सगळ्यात शांत म्हणून हेडमास्तरांनी कौतुक केलं. मी मनात म्हटलं, कौतुक कसलं करता, माझा जीव चाललाय इथं.

गाणं मी एकदाच करून बघितलं. न्हाणीघरात, नळ सोडून. साधा खालचा सा. निघाला तो आवाज नव्हता, कुणी गोणपाट फाडावं तसं काही तरी होतं. मी नळ बंद केला आणि ठरवलं, पुन्हा नाही. कारण पुन्हा तेच निघालं तर? गाऊन बघितलं नाही तोवर निदान कळत तरी नाही. मला भीती वाटत होती. साधी, सरळ भीती. पन्नाशीच्या बाईला सांगायची लाज वाटावी अशी.

बाबांची सकाळची ओळ चालूच होती. ऑपरेशननंतर महिनाभर ते गप्प होते, मग एक दिवस चहाच्या वेळी त्यांनी हळूच ओळ सोडली. मी भाकर थापत राहिले. ओळ पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी खेकसले, "बाबा, येईल तवा मी सांगीन ना! काऊन रोज रोज परीक्षा घेऊन राह्यले?" त्यांनी कप खाली ठेवला. "बरं माय," म्हणाले. त्यानंतर त्यांनी ओळ सोडणंच बंद केलं. सकाळी ओसरीत फक्त बशीचा आवाज. माझ्या खेकसण्याची मला इतकी लाज वाटली, पण माफी मागायची तर काय सांगून मागणार? की तुम्ही म्हणा, मी उचलणार नाही?

शनिवार दुपार खायला उठायची. म्हणून चौथ्या महिन्यात मी तालमीला परत गेले. टीचरम्मांनी विचारलं, "कैसा है गला?" मी म्हटलं, "ठीक है." खोटं. मैत्रिणीच्या शेजारी उभी राहिले आणि नुसतं तोंड हलवलं. शब्द सगळे, सूर शून्य. वाटलं होतं, पाच मिनिटांत पकडली जाईन. कुणी काही म्हणालं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हणजे नऊ वर्षं मी तिथं गात होते आणि माझा आवाज गेला तरी चौदा माणसांत कुणाला पत्ता नाही? मग मी होते कोण, खुंटी? सांगितलं मीच नाही, आणि कळलं नाही म्हणून चिडतेही मीच. माझा स्वभावच असा, त्याला औषध नाही.

डिसेंबरात कार्यक्रम ठरला. नाताळच्या आधीच्या रविवारी, दुपारी चारला, हॉलमध्येच. टीचरम्मांची हौस अशी की एका तासात चारशे वर्षं म्हणायची, जुन्यापासून नव्यापर्यंत. म्हणजे सुरुवातीलाच संध्याकाळचं गाणं. त्यात सोप्रानो थांबल्यावर ती एक ओळ आम्हा दोघींचीच. बाकी सगळे गप्प. मी हिशेब केला, मैत्रीण गाईल, मी तोंड हलवीन, निभून जाईल.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडं हाडं गोठवणारी थंडी आणि कापसाचे दिवस. मार्केट यार्डाकडं गाड्यांची रांग लागते आणि गावभर रुईची पिसं उडतात, केसांत, चहात, नाकात. हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या. बाबा दुसऱ्या रांगेत, मफलर कानाला, स्वेटरवर कोट, हात काठीवर. "मी येतो," एवढंच सकाळी म्हणाले होते. मी नको म्हणू शकले नाही. ते आयुष्यभर झील ऐकत आलेले; तोंड हलवणारी बाई त्यांना पहिल्या ओळीत कळणार. टीचरम्मांचा हात वर गेला.

सोप्रानोंनी ओळ उचलली. छान उचलली, 'ट'सुद्धा एकत्र पडला. आता आमची पाळी. मैत्रिणीनं श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर काय गेलं आत कोण जाणे, रुईचं पीस असेल, तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. तिनं तोंडावर पदर दाबला आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. घट्ट. आमची गप्प बसायची खूण.

सोप्रानो थांबल्या होत्या. टेनरांना अजून वेळ होता. टीचरम्मांचा हात माझ्याकडं वळलेला, आणि हॉलमध्ये काही नाही. या वेळची शांतता कुणीही लिहून ठेवलेली नव्हती. ओळ सुटली होती आणि खाली चालली होती.

मी ठरवलं असं काही नाही. ठरवलं असतं तर गप्पच बसले असते, मला मी माहीत आहे. पण सात वर्षांची असल्यापासून अंगात मुरलेलं होतं ते माझ्या भीतीला न विचारता पुढं झालं. मी उचलली. अर्धी मात्रा उशिरा. पहिला शब्द खरखरला, जुन्या दाराची कडी काढावी तसा. दुसरा त्याहून बरा. तिसऱ्या शब्दाला सूर लागला. माझा नव्हता तो, म्हणजे माझा आधीचा नव्हता. जाड, खालचा, कडेनं थोडा फाटका. पण जागेवर होता. माय वो, जागेवर होता! मी गात होते आणि त्याच वेळी ऐकत होते, आणि मला वाटत होतं, कोण गातंय ही? टेनरांनी माझ्याकडून ओळ घेतली, टेनरांकडून बासांनी. आणि बासांनी सोडल्यावर ती चार मात्रांची शांतता आली, तेव्हा मी गप्प राहिले. कुणी मनगट दाबायची गरज पडली नाही. आतून हुंदका येऊन बसला होता, त्यालाही तिथंच थांबवलं.

कार्यक्रम संपला तशी मैत्रीण नाक पुसत माझ्यावर धावून आली. "कधी आला आवाज? आणि मला सांगितलं नाहीस?"

"आत्ताच आला. तुझ्या समोर."

"हो का? तीन महिने दोघींचं मी एकटी गातेय! घसा बसला माझा. टीचरम्मांनी सांगितलं होतं, तू जोरात गा, बाकीच्यांनी काही विचारायचं नाही, तिला उभी राहू दे."

मी टीचरम्मांकडं बघितलं. त्या फायलीतले कागद लावत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अम्मा, वो आधी मात्रा कहाँ खाई?" मी हसायला लागले आणि मग रडायलाच लागले. छातीवरचा धोंडा कुणी तरी उचलून बाजूला ठेवला होता. बाकीच्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी त्यांच्यावरच रागावले होते.

बाबा दारापाशी काठी टेकून उभे होते. मला वाटलं, काही बोलतील. ते म्हणाले, "लय थंडी हाये वो, चाल घरी." ऑटोत मफलर सारखा करत एवढंच, "चारी आवाज चार वाटांनी जातेत, पण टायमावर भेटतेत. चांगलं हाये." माझ्याबद्दल अवाक्षर नाही. मला थोडा रागही आला. पण मी कोणत्या तोंडानं रागावणार? सहा महिन्यांपूर्वी मीच त्यांना गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. शाळेची घाई. मी ज्वारीचं पीठ मळत होते, नवरा बाहेर गाडी पुसत होता. ओसरीत कपबशी वाजली. बाबा खाकरले, पुन्हा खाकरले. आणि मग त्यांच्या ऐंशी वर्षांच्या थरथरत्या आवाजात, आमच्या पार्टीची जुनी ओळ. अर्ध्यावर आली. त्यांनी ती सोडली.

माझे दोन्ही हात पिठात होते. मी तशीच दाराशी गेले आणि उचलली. वरच्या दोन जागा लागल्या नाहीत, त्या मी सरळ खालून घेतल्या. बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. डोळे मिटून ते ऐकत होते, काठीवर बोटानं ताल धरून. ओळ संपवून मी थांबले.

"खालून घेतली," बाबा म्हणाले.

"वरून नाई जमत आता, बाबा."

"खालून तर खालून." त्यांनी मफलरच्या टोकानं डोळे पुसले. "पडू नाई देल्ली ना!"

आणि त्यांनी पुढची ओळ सोडली. मग तिच्या पुढची. तव्यावरची भाकर करपली, नवरा गाडीचा हॉर्न वाजवून थकला, आणि बाबांचं गाणं पाच कडव्यांचं होतं. पाचही म्हणून झाल्यावरच मी शाळेला निघाले.